दाजींना खाटेवर बसवू नका

पत्र असं आहे, थोडं आटोपून देते:

"आम्ही कराड तालुक्यातले. आमच्या ह्यांचं वय ७१. दीड वर्षामागं प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन देतात. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो आकडा) अगदी खाली आलाय, सहा महिन्यांपूर्वीचा बोन स्कॅनही चांगला आला. पण तीन आठवड्यांपूर्वी रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला गेले, बांधावरून पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणारे डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. भावकीत बोलणं चाललंय की कॅन्सर हाडात उतरला. पोरगा म्हणतो, आता खाटेवरून उठायचं नाही. हे नुसते भिंतीकडं बघत बसतात. पुतण्यानं हाडसंधीची पूड आणलीय. स्कॅन चांगला होता तर हाड मोडलं कसं? इंजेक्शनानंच हाडं गेली म्हणतात, मग ते बंद करावं का? आणि दूध किती पाजू?"

ताई, तुम्हाला ताई म्हटलं की ते माझे दाजी झाले, म्हणून त्याच नात्यानं लिहिते.

आधी दूध सोडून बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, कारण त्यांच्यामुळे तुमची झोप उडालेली दिसते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मनगट कॅन्सरमुळे मोडलं असं वाटत नाही. आणि इंजेक्शन स्वतःच्या मनानं अजिबात बंद करू नका.

आता कारण सांगते. प्रोस्टेटच्या कॅन्सरला वाढायला पुरुषाच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन लागतं. ते तोडलं की कॅन्सर सुकतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं आणि १९६६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. दाजींचं इंजेक्शन हेच काम करतं. अंडकोष काढण्याचं ऑपरेशन ज्यांचं होतं, त्यांच्यातही हेच घडतं. पीएसए खाली आला तो याच उपचारामुळे. तो थांबवला तर झोपलेला आजार जागा होऊ शकतो.

पण त्याच टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगात जास्त असणारं हार्मोन, बनतो, आणि पुरुषाचंही हाड मुख्यतः त्या इस्ट्रोजेनवर टिकून असतं. बायकांची पाळी गेल्यावर हाडं पोकळ होतात हे आपल्याला ठाऊक असतं, पुरुषाचं तसं होईल हे कुणाच्या ध्यानात येत नाही. हाड म्हणजे मातीचं जुनं घर समजा. एक गडी रोज पोपडे खरवडतो, दुसरा मागोमाग लिंपत जातो. हार्मोन असताना खरवडणाऱ्याच्या हाताला आवर असतो. हार्मोन गेलं की तो सुटतो आणि लिंपणारा मागे पडतो. पहिल्याच वर्षात हे सगळ्यात जोरात होतं. दाजींना तर दीड वर्ष झालं.

अमेरिकेत ५० हजारांहून जास्त पुरुषांच्या नोंदी तपासून २००५ साली एक अभ्यास छापला गेला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाल्यावर पाच वर्षं जगलेल्यांत, हार्मोन तोडणारा उपचार घेतलेल्या १९.४ टक्के लोकांचं हाड मोडलं होतं, न घेतलेल्यांत १२.६ टक्के लोकांचं. म्हणजे दाजींच्या बाबतीत जे झालं ते विचित्र नाही. ते अपेक्षित होतं आणि दीड वर्षापूर्वीच कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं, याची मला खंत वाटते. कॅन्सरचे डॉक्टर पीएसएकडे बघत होते, हाडांचे डॉक्टर मनगटाकडे. त्यांच्यामध्ये दाजींची बाकीची दोनशे हाडं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. हे मी रोज बघते. त्यामुळे आता विचारण्याचं काम तुम्हालाच करावं लागणार आहे.

स्कॅन चांगला आणि हाड मात्र मोडलं, हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक घरात होतो. बोन स्कॅन म्हणजे शिरेतून औषध टोचून दोन-तीन तासांनी मशिनखाली झोपवतात तो. त्यात कॅन्सर हाडात पसरलाय का एवढंच बघतात. हाड किती भक्कम आहे हे त्यात कळत नाही. ते कळायला वेगळी तपासणी लागते. तिला डेक्सा म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, सुई नाही, किरणं अगदी नाममात्र. तिचा रिपोर्ट एका आकड्यात येतो, टी-स्कोअर. उणे एकच्या वर असला तर ठीक, उणे एक ते उणे अडीचमध्ये हाड विरळ, आणि उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ठिसूळ. सांगताना कमरेचा मणका आणि खुबा दोन्ही मोजायला सांगा. या वयात मणक्याला झीज होऊन खडबडीतपणा आलेला असतो, त्यानं मणक्याचा आकडा खोटाच चांगला दिसतो; खुब्याचा सहसा फसवत नाही. पुढच्या वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा कराल तेव्हा शक्यतो त्याच मशिनवर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

आणि एक लक्षात घ्या. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडतं, तेव्हा ते हाड स्वतःच साक्ष देत असतं. डेक्साचा आकडा थोडा बरा आला तरी "मग काही नाही" म्हणून घरी परतू नका.

एक तपासणी मात्र आज घरीच होईल. दाजींना अनवाणी दाराच्या चौकटीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलीनं रेघ मारा. टेपनं मोजा. जुन्या कागदपत्रांत, नोकरीच्या किंवा लायसनच्या, त्यांची उंची लिहिलेली असेल तर ताडून बघा. तीन-चार सेंटिमीटरनं कमी भरली किंवा त्यांचा जुना पायजमा अलीकडे जमिनीला लागायला लागला असेल, तर मणके न दुखता दबलेले असू शकतात. तसं असेल तर मणक्याचा एक्स-रे काढायला सांगा. मणक्याची निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर अशी गुपचूप होतात, माणूस म्हणतो, जरा कंबर धरलीय.

आता औषधाचं. नुसतं कॅल्शियम आणि दूध देऊन हे हाड सावरणार नाही. मी हे ठामपणे लिहिते, कारण तुमच्यासारख्या घरांत वर्षं याच भरवशावर जातात. खरवडणाऱ्या गड्याला आवरणारी औषधं वेगळी आहेत. त्यातलं एक झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ते सलाइनमधून वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम देतात. दुसरं डेनोसुमॅब, ते कातडीखाली दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळीही असते, पण ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांना ती सोसत नाही. नेमक्या दाजींसारख्याच, हार्मोन तोडणाऱ्या उपचारावर असलेल्या चौदाशेहून अधिक पुरुषांत डेनोसुमॅबचा अभ्यास झाला आणि २००९ साली छापून आला. तीन वर्षांत मणक्याची नवी फ्रॅक्चर ३.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आली. म्हणजे उपाय आहे. तो मागावा लागतो.

झोलेड्रोनिक बरंच स्वस्त पडतं, पण मूत्रपिंड नीट असेल तरच देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. पहिल्या सलाइननंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, घाबरू नका, पॅरासिटामॉलनं जाते. आणि मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या दाजींना देऊ नका. त्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि मग हेच सलाइन द्यायचं की नाही असा पेच पडतो. डेनोसुमॅबची गोष्ट वेगळी आहे. ते मूत्रपिंड कमजोर असलं तरी देता येतं, पण एकदा सुरू केलं की तारीख चुकवायची नाही आणि मध्येच सोडायचं नाही. सोडलं तर दाबून ठेवलेली झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके मोडलेले मी पाहिलेत. ऊस गेला नाही, पैसे आले नाहीत, म्हणून दोन महिने पुढं ढकलू, हे या इंजेक्शनला चालत नाही. खर्चाची अडचण असेल तर ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा, कशाकशाचा खर्च बसतो ते लेखी विचारा.

या दोन्ही औषधांआधी दात दाखवायचे. हे वाचून अनेकांना नवल वाटतं. ही औषधं चालू असताना किडलेली दाढ काढावी लागली तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन् महिने भरत नाही, असं क्वचित होतं. क्वचितच, पण झालं तर फार हाल होतात. त्यामुळे हलणारा दात, पोखरलेली दाढ, टोचणारी कवळी, जे काही असेल ते औषध सुरू होण्याआधी निस्तरून घ्या. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तीही सुटायला हवी. हाडासाठीही आणि तोंडासाठीही. पुढे कधीही दाताच्या दवाखान्यात गेलात की पहिलं वाक्य हेच, "यांना हाडाचं इंजेक्शन चालू आहे."

तुम्ही दूध किती पाजू विचारलंत. या वयात दिवसाला सगळं मिळून १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. पेलाभर दुधात २४०च्या आसपास मिळतं, वाटीभर दह्यात थोडं कमी. नाचणी हे तर आपलं सोनं आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास, म्हणून सकाळी नाचणीची आंबील किंवा एका वेळी नाचणीची भाकरी. जेवणात न सोललेल्या तिळाची चटणी, आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी, थंडीत हुलग्याचं माडगं. पालकाच्या भरवशावर राहू नका, त्यातलं बरंचसं कॅल्शियम अंगी लागत नाही. एवढं पोटात गेलं की एक-दोन पेले दुधाच्या पुढे जायची गरज नाही. लोक म्हणतील म्हणून दोन-दोन लिटर दूध पाजू नका. फार जास्त दूध आणि कॅल्शियमचा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध काही अभ्यासांत दिसलेला आहे. जेवण तोकडं पडत असेल तरच गोळी, आणि तीही एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त नको. साधी कार्बोनेटची गोळी असेल तर जेवणानंतर. डाळ, अंडी, मासे चालत असतील तर तेही रोजच्या ताटात असू द्या. कॅन्सरच्या इंजेक्शननं स्नायूही झिजतात, आणि मांडीत जोर नसला की माणूस पडतो.

ड जीवनसत्त्व रक्त तपासून द्यायचं. ते ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल तुमच्याही घरात येईल. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, साधारण आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं. माझ्याकडे एक आजोबा आले होते, पाकिटावर दुधात घालून प्या एवढंच त्यांना कळलं आणि त्यांनी दोन महिने रोज एक प्यायलं. उलट्या, बद्धकोष्ठता, बोलण्यात भ्रम, आणि रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलेलं की दवाखान्यात ठेवावं लागलं. तुम्ही कॅलेंडरवर रविवारी खूण करा आणि त्याच दिवशी द्या.

पुतण्यानं आणलेली पूड. प्रेमानं आणलीय, त्याला बोलू नका. पण ज्या पुडीवर काय आहे ते छापलेलं नाही, ती देऊ नका. अशा खुल्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि हाड आणखी पोखरतं. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि समोर ठेवा. हाडवैद्याकडून मणका ओढून घेणं, पाठीवर पाय देऊन दाबणं हे मात्र अजिबात नको.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी पत्राला हे नाव दिलं. मुलाचं मन मला कळतं. बाप पडला, हाड मोडलं, तो घाबरलाय. पण हाड भार पडला तरच टिकतं. खाटेवर बसवलेल्या माणसाची हाडं दर आठवड्याला आणखी विरघळतात, मांड्या सुकतात, आणि मग ज्या दिवशी तो उठतो त्या दिवशी खुबा मोडतो. खुबा मोडणं हे मनगटासारखं नसतं. त्यानंतर बरीच माणसं पुन्हा आपल्या पायावर पूर्वीसारखी चालत नाहीत. शिवाय कॅन्सरच्या इंजेक्शननं मन आधीच खचतं, अंगातून गरम वाफा येतात, झोप लागत नाही. तुम्ही लिहिलंय, ते भिंतीकडं बघत बसतात. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला भिंत दाखवणं ही त्याची काळजी नाही हो.

हात प्लास्टरमध्ये आहे, पाय मोकळे आहेत. सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यानं पंधरा-पंधरा मिनिटं चालू द्या, बरोबर कुणी असलं तर उत्तमच. घट्ट, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. आधी पाच वेळा, मग हळूहळू दहा. ओसरीच्या खांबाला चांगल्या हातानं धरून टाचा उचलायच्या. त्याच खांबाजवळ एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, तुम्ही शेजारी उभ्या राहा. प्लास्टर निघाल्यावर हातांसाठी फिजिओथेरपिस्टकडून रबरी पट्ट्याचे व्यायाम शिकून घ्या. पोतं उचलणं, वाकून घमेलं ओढणं, कमरेतून पिळून ओझं फिरवणं एवढं मात्र बंद. पुढे कधी कॅन्सर हाडात दिसला तर हे सगळं पुन्हा विचारून ठरवायचं.

शेत बंद करू नका. दिवसा जाऊ द्या, ओल्या बांधाऐवजी गाडीवाटेनं जाऊ द्या, पायात घट्ट बसणारी वहाण असू द्या. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायचं काम मात्र त्यांच्याकडून कायमचं काढून घ्या. आता मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्टार्टर सर्रास मिळतात. मुलाला वडिलांसाठी काही करायचंच असेल तर त्यानं खाटेचा हट्ट सोडावा आणि तो स्टार्टर बसवावा.

आणि रात्रीचं दुसरं पडणं घरातलं असतं. प्रोस्टेटचा माणूस रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतो. लघवी मोकळी व्हायला टॅमसुलोसिनसारखी गोळी असेल तर झटकन उठल्यावर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि न्हाणीतली फरशी ओली असतेच. म्हणून उठताना खाटेच्या कडेवर पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. वाटेत छोटा दिवा रात्रभर जळू द्या. खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. न्हाणीत भिंतीला पकडायला दांडा बसवा, तुमचा गवंडी तासाभरात बसवेल. पायाखाली येणारं गोणपाट आणि सतरंजी उचला.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जिथं सकाळची वाट बघायची नाही. पाठीत नवीन दुखणं, आडवं पडल्यावर किंवा रात्री वाढणारं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं. पायात जोर न वाटणं, मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी अडकणं किंवा शौचावरचा ताबा जाणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅन्सरचे उपचार होतात त्या मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्यातली नस दबत असेल तर काही तासांनीसुद्धा फरक पडतो. ज्याचे पाय आज चालतात त्याचे वाचवता येतात, गेलेले परत आणणं फार अवघड. हे मुलाला, सुनेला, पुतण्याला, सगळ्यांना सांगून ठेवा.

भावकीला काय सांगायचं? सांगा, औषधानं हाड पातळ झालंय, त्यावरही औषध आहे. पुढेमागे कॅन्सर हाडात गेलाच, तरी त्यालाही उपचार आहेत. तेव्हा हीच दोन औषधं जास्त वेळा देतात, दुखऱ्या जागी रेडिएशनची एकच बैठक पुष्कळदा पुरते. म्हणून दवाखान्यात शेजारी बसलेल्या कुणाला महिन्याला हाडाचं इंजेक्शन असलं आणि दाजींना वर्षाला, तर घाबरून तुलना करू नका.

पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला जाताना मनगटाचा एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एक चिठ्ठी बरोबर न्या. चिठ्ठीत तुमच्या अक्षरात एवढं लिहा: डेक्सा कधी करायचं, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासायचं का, हाडाचं औषध कोणतं आणि दात दाखवून झाल्यावर कधी सुरू करायचं, आणि कॅन्सरचं इंजेक्शन आणखी किती काळ चालणार. डॉक्टर घाईत असले तरी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवा आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका. दाताच्या डॉक्टरांकडे मात्र त्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात जा.

चौकटीवरची पेन्सिलीची रेघ पुसू नका, तिच्या शेजारी तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा दोन्ही आकडे मला कळवा.